नवरीचं नाव

उन्नती घरत द्रोणागिरीच्या गोडाउनातून तोंडावर ओढणी दाबून बाहेर पळाली आणि कंपाउंडच्या भिंतीला धरून ओकली, हे रूपेशने गावात सांगितलं तेव्हा कुणाला खरं वाटलं नाही. उन्नती म्हणजे तळोज्याच्या रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळणारी बाई. सडका डिंक, अंडं कुजल्यासारखा वास येणारा गाळ, काहीही समोर आलं तरी ती झाकण उघडायची, बघायची, लिहून ठेवायची आणि झाकण लावायची. वास म्हणजे नाकापर्यंत पोचलेला एक रेणू, त्याच्यावर रागवायचं कशाला, असं ती नव्या मुलींना सांगायची.

झालं होतं ते असं.

'हळदीची खोली' ही गोष्ट तिने शाळेत असताना वाचली होती. खाडीकाठचा मिठागराच्या मालकाचा बंगला, हळदीच्या संध्याकाळी तापाने गेलेली नवरी, आणि त्यानंतर रोज सकाळी एका बंद दारावर उमटणारा हळदीचा ओला पंजा. गोष्टीत एवढंच होतं. नवरी कुठेही दिसत नाही, तिला नावसुद्धा नाही. शेवटच्या पानावर दार पुसून स्वच्छ झालेलं असतं, मालक निश्चिंत होऊन बाहेर पडतो, आणि गड्यांना त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर पंजा दिसतो. ते पान वाचून उन्नती भिंतीला पाठ लावून झोपू लागली होती. पुढे त्यावरचा जुना काळापांढरा सिनेमाही तिने वडिलांबरोबर टीव्हीवर पाहिला. त्यात रक्ताचा थेंब नव्हता, आणि काळ्यापांढऱ्यात हळद तरी कुठून दिसणार? तरीही सिनेमा संपल्यावर वडील उठून मागच्या दाराची कडी बघून आले होते.

म्हणून चुलतभाऊ रूपेश सांगत आला, "ताई, 'हळदीची खोली' परत काढतायत, आपल्या गोडाउनात शूटिंग हाय, आन् त्यांना खरी धवलारीण पायजे," तेव्हा तिला मनापासून आनंद झाला.

धवलारीण तिच्या घरातच होती. आगरी लग्नात मांडव उभा राहिल्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीला धवले गाणारी बाई ती धवलारीण. भटजी त्याचे मंत्र म्हणतो, पण देवांना मांडवात बोलावून आणायचं काम तिचं. उन्नतीची आई शेवंताबाई आसपासच्या गावांची शेवटची धवलारीण उरली होती. डीजे आले तशी तिची बोलावणी कमी झाली. मात्र या वैशाखात घरातच लग्न होतं. उन्नतीचा भाऊ तेजस याची मुलगी, शेवंताबाईंची नात प्रिया. कळंबोलीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे तिचं ठरलं होतं. साखरपुड्यातच तिने सासरच्यांना सांगून टाकलं होतं, "डीजे कितीही मोठा आणा, पण आजीच्या धवल्याशिवाय मला हळद लावून घ्यायची नाही." त्या दिवसापासून शेवंताबाई भांडी घासतानाही गुणगुणायच्या.

दिग्दर्शक कृष्णात घरी आला. कोल्हापूरकडचा, हसरा, दाढीवाला. आल्या आल्या शेवंताबाईंच्या पाया पडला, चहाबरोबर दिलेला तांदळाचा पापड मोडून खाल्ला आणि म्हणाला, "मॅडम, क्लासिक हाय ते. आमी फकस्त जरा आजच्या पब्लिकला चालंल असं करतोय. आजीचा आवाज हळदीच्या सीनला. लई भारी होईल बघा."

शेवंताबाई कुरकुरल्या. मांडव नाही, पाट नाही, कुणासाठी गायचं? उन्नतीनेच त्यांना राजी केलं. "आये, तुझ्यामागे कोण गाणार आहे हे? निदान रेकॉर्ड तरी राहील." ते कारण तिला इतकं पटलेलं होतं की पटकथा वाचायला मागावी हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

रेकॉर्डिंग कळंबोलीत होतं, लोखंडाच्या दुकानांवरच्या मजल्यावर. खाली सळ्यांचा गठ्ठा उतरला की थांबायचं आणि धूळ बसली की परत सुरू करायचं. मिथुन नावाचा शांत मुलगा मशीन सांभाळत होता. काचेपलीकडे शेवंताबाई कानाला मोठे हेडफोन लावून, नऊवारीचा पदर खोचून बसल्या होत्या.

"नवरीचा नाव काय?" त्यांनी माइकमधून विचारलं.

"कोणाचं?" मिथुन म्हणाला.

"मी कुनाला गातंय?"

कृष्णात पुढे झाला. "आजी, सिनेमातल्या पोरीचं नाव अनाया हाय. तेच घाला की."

"तिचा लगीन कवा हाय?"

"तिचं... आवो ती सिनेमातली हाय, आजी."

"मंजे लगीन नाय."

"न्हाई."

"मंग देव बोलावलं नि ते कुनाच्या मांडवान बसतील? तुज्या?"

मिथुन हसू दाबायला मशीनकडे वळला. कृष्णातने हात जोडले. "मग नुसतं ला-ला म्हणा नावाच्या जागी."

"ला-ला तुज्या बायकोच्या लग्नान म्हन."

अर्धा तास असाच गेला. शेवंताबाई हटायला तयार नव्हत्या. धवल्यात नाव घेतलं की देव त्या नावाच्या मुलीला बघायला येतात, एवढी साधी त्यांची समजूत. ज्या मुलीचं लग्न नाही तिच्या नावाने देवांना हाक मारणं म्हणजे त्यांना खोट्या पत्त्यावर पाठवणं. उन्नती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. आईचा हट्ट तिला कळत होता, आणि तो सोडवायचा मार्गही तिला एकदम दिसला.

"आये, प्रियाचं नाव घाल. तिचं लग्न आहेच वैशाखात. काही खोटं नाही त्यात."

शेवंताबाईंनी काचेतून तिच्याकडे पाहिलं. "चालंल?"

"का नाही चालणार?"

आणि मग खाडीच्या वाटेने देवांना बोलावणारा धवला त्या गायल्या. वय झालेला, कडेला झिजलेला, पण आत पोलादासारखा सरळ आवाज.

"खारीच्या वाटंनं देव गो आलं,
प्रिया नवरीला बगाया आलं..."

खाली सळ्या पडल्या तरी मिथुनने थांबवलं नाही. कृष्णातच्या हातावर काटा आला होता, तो त्याने सगळ्यांना दाखवला. एखादं अडलेलं समीकरण एका फटक्यात जुळावं तसं उन्नतीला वाटलं. परतताना रिक्षात आई नातीच्या लग्नाचेच धवले पुढे गात होती, आणि रिक्षावाल्याने आपणहून रेडिओ बंद केला.

माघात एका रविवारी कृष्णातचा फोन आला. "मॅडम, तुमी केमिस्ट्रीवाल्या. आमच्या रक्ताला फेस येतोय वो. जरा येऊन बघता का?"

उन्नती हसली आणि गेली.

द्रोणागिरीत कंटेनरच्या रांगांमागे रूपेशचं गोडाउन. पत्र्याखाली बंगल्याचं माजघर उभं केलं होतं, प्लायवुडचं, पण लांबून खरं वाटणारं. दारावर हळदीचा पंजा होता. तो पाहून तिला बरं वाटलं. मग तिने आत पाऊल टाकलं आणि चप्पल जमिनीला चिकटली.

सगळीकडे लाल पाक होता. फरशीवर, भिंतींवर, लोकांच्या कोपरांवर, चहाच्या कपांच्या कडांवर. मक्याचा सिरप, खायचा लाल रंग, काळपटपणाला कॉफी. बादलीत बोट न घालताही तिला कळलं. "यात भांडी घासायचा साबण टाकलाय कुणीतरी, कपड्यांचे डाग निघावेत म्हणून. त्याचाच फेस," तिने सांगितलं. कृष्णात खूश झाला आणि त्याने तिचा हात हातात घेऊन हलवला. त्याचा तळवा सोडताना कागद सोलल्यासारखा आवाज झाला. तिने हात अंगापासून लांब धरला. पुसायचा कुठे, ते तिला सुचेना.

मग तो वास आला. सिरपच्या गोडीखाली दबलेला, पत्र्याच्या उन्हात तापलेला. त्या वासातल्या द्रव्यांची नावं तिला ठाऊक होती, आणि ती कुजत्या मांसातून सुटतात हेही ठाऊक होतं.

"खरी हायत," कृष्णातने अभिमानाने एका घमेल्याकडे बोट केलं. "बोकडाची आतडी. रबराची केलेली पडद्यावर मेलेली दिसत्यात."

घमेल्यावर माशांचा पापुद्रा बसला होता. कुणी जवळून गेलं की तो उचलायचा आणि पुन्हा बसायचा. घमेल्याशेजारच्या टेबलावर युनिटचे पोहे होते. दोघंजण उभ्याउभ्या खात होते, आणि माशा घमेल्यावरून पोह्यांवर, पोह्यांवरून घमेल्यावर येरझाऱ्या घालत होत्या.

"पण गोष्टीत तर नवरी दिसतच नाही," उन्नती म्हणाली.

"तीच तर चूक होती ना जुन्या लोकांची! आता नवरी मरत न्हाई, मॅडम. तिला फाडत्यात. हळद लावायला बसलेल्या बायकाच फाडत्यात. बघाच तुमी, टेक हाय आता."

तिने तेव्हाच निघायला हवं होतं. पण कृष्णातने तिच्यासाठी खुर्ची मांडली होती, रूपेश अभिमानाने मोबाइल उंचावून उभा होता, आणि नाही म्हणून उठणं तिला कधी जमलं नव्हतं.

पाटावर नवरी बसली. पिवळी साडी, मुंडावळ्या, जेमतेम विशीतली मुलगी. तिच्या पोटाला चामड्यासारखी पिशवी बांधून त्यात ते घमेलं रिकामं केलं होतं, आणि ती तोंडाने श्वास घेत होती. कुणीतरी ओरडलं, "साउंड!" आणि पत्र्याखाली उन्नतीच्या आईचा आवाज भरून राहिला.

"खारीच्या वाटंनं देव गो आलं..."

बायका वाट्या घेऊन पुढे झाल्या. वाट्यांत हळद होती. त्यांनी ती मुलीच्या गालांना लावली, हातांना लावली, आणि मग सगळ्यांचे हात एकदम तिच्या पोटात गेले.

"प्रिया नवरीला बगाया आलं..."

हळदीने माखलेल्या बोटांतून आतडं लांबत बाहेर आलं. ओलं, करडं, मध्येच हिरवट. एका बाईने ते दातांत धरलं आणि मान झटकली. लाल पाकाचा सपकारा मुंडावळ्यांवर बसला. गाणं फिरून त्याच ओळीवर येत होतं. शेवंताबाईंनी ते जितक्या मायेने म्हटलं होतं तितक्याच मायेने दर फेरीला प्रिया, प्रिया म्हणत होतं, आणि दर फेरीला मुलीच्या पोटातून आणखी थोडं ओढलं जात होतं. पाटावरची मुलगी खरंच उमासे देऊ लागली. "मस्त! तसंच ठेव!" कृष्णात ओरडला. तो हसत होता, लहान मुलाला नवी सायकल मिळाल्यावर असतं तसं निर्मळ हसू.

उन्नती बाहेर पळाली ती तेव्हा.

ओकून झाल्यावरही तोंडातली गोडी गेली नाही. ती सिरपची असणं शक्य नव्हतं, तिने तो चाखलाच नव्हता. आतडी बोकडाची आहेत, रक्त मक्याचं आहे, मुलगी नटी आहे, हे सगळं तिला माहीत होतं, आणि शकुन-अपशकुनावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तरी तिला स्वतःच्या जिभेची शिसारी आली होती. ते नाव तिथे तिनेच ठेवलं होतं.

कृष्णात पाण्याची बाटली घेऊन मागोमाग आला.

"ते नाव काढा," ती म्हणाली.

"कुठलं नाव?"

"प्रिया. माझ्या भाचीचं आहे ते. तिचं लग्न आहे."

"आवो, ते माझ्या ध्यानातच न्हाई राहिलं बघा!" त्याला खरंच वाईट वाटलं. "काढतो की. शब्द देतो. तेवढंच ना?"

तेवढंच होतं. उन्नतीने स्वतःला तसं घरापर्यंत बजावलं. नाव निघेल, आईला कळायचं कारण नाही, आणि वैशाखात सगळं सुरळीत होईल.

घरी पोचली तर हॉलमध्ये शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या. रूपेशने गोडाउनातूनच गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता, 'आपली काकी झाली स्टार' म्हणून. शेजारच्या शकुबाईंनी फोन शेवंताबाईंच्या नाकासमोर धरला होता. शेवंताबाई डोळे बारीक करून बघत होत्या. रक्ताने त्या दचकल्या नव्हत्या. जन्मभर कोंबड्या सोललेली आणि गावातली मढी न्हाऊ घातलेली बाई.

"आतरी बोकराची हाय," त्या म्हणाल्या. "नि धुतली पन नाय. छी!"

बायका हसल्या. मग फोनमधून नाव आलं. बायकांच्या ते लक्षातही आलं नाही, त्या पडद्याकडे बघत होत्या. शेवंताबाईंनी हात लांबवून फोन पालथा घातला. पालथ्या फोनमधून गाणं चालूच राहिलं. शकुबाईंनी घाईघाईने बंद केलं.

सगळ्या गेल्यावर उन्नती आईजवळ बसली. "आये, ते नाव काढतायत. मी सांगून आलेय. सिनेमात ते नसणार."

"टेपमदून कारतील."

"हो."

"माज्या तोंडातून कसा कारशील?"

शेवंताबाई आवाज न चढवता बोलत होत्या. "मी हाक मारली, देव आलं. आलं नि काय बगला त्यांनी? आता त्याच तोंडानं परत हाक मारू, या, आता खरीच हलद हाय? मी नाय गानार पोरीच्या लग्नान."

"आये, ती एक रेकॉर्डिंगची क्लिप आहे. देव बीव—"

"तुना नाय पटत, ठाव हाय मना. मी तुना कय बोल लावला?"

त्यांनी खरंच बोल लावला नाही, आणि तेच उन्नतीला गिळवेना. तेजस समजावून थकला. प्रिया आजीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, मग चिडली, "एवढ्याशा गोष्टीसाठी!" म्हणाली आणि बोलेनाशी झाली. शेवंताबाईंनी भांडी घासताना गुणगुणणं सोडलं. दुसरी धवलारीण शोधावी तर कुठे? नावड्याला एक होती, ती दोन वर्षांपूर्वी वारली होती.

चैत्रात सिनेमाचा ट्रेलर आला. 'हळदी : द ब्लडी नाइट.' कृष्णात शब्दाला जागला होता, नाव काढलं होतं. उन्नतीला त्याने मेसेज पाठवला, 'मॅडम, नावाच्या जागी किंकाळी टाकली, इफेक्ट डबल झाला, आजींना नमस्कार.' तिने तो वाचला आणि खालच्या नळावर जाऊन बराच वेळ हात धूत राहिली.

हळदीची संध्याकाळ आली. बिल्डिंगसमोरच्या मैदानात मांडव, कडेला टेंपोवर डीजे, मागे घरघरणारा जनरेटर. प्रिया पाटावर बसली होती, पिवळी साडी, मुंडावळ्या. शकुबाई आणि इतर बायका वाट्या घेऊन तयार होत्या. शेवंताबाई मागच्या खुर्चीत, पदर तोंडावर धरून. उन्नतीने वाटीतल्या तेलात कालवलेल्या हळदीकडे पाहिलं आणि मान फिरवली. घट्ट, चकचकीत, कडेला ओघळलेली. तिच्या तोंडात ती गोडी परत आली.

"आता स्पेशल आयटम!" रूपेश माइकवर ओरडला. "नवरीच्या आजीचा सुपरहिट आवाज! वाजव रे!"

भिंतीएवढ्या स्पीकरांतून शेवंताबाईंचा आवाज फुटला. त्या आवाजाखाली कुणीतरी ढोलाचा ठेका जोडला होता.

"खारीच्या वाटंनं देव गो आलं..."

आणि मग किंकाळी. लांब, ओली, गळा चिरल्यासारखी. मग "नवरीला बगाया आलं", मग पुन्हा ढोल. पोरं टेंपोसमोर नाचू लागली. त्यांना ते सगळं पाठ होतं. दर फेरीला किंकाळीच्या जागी मैदानभरची पोरं एकदम किंचाळायची आणि पोट फाडल्याचा अभिनय करून एकमेकांच्या अंगावर कोसळायची. नवऱ्याची आत्या कौतुकाने म्हणाली, "तुमची आजी तर एकदम फेमस!" प्रिया हसायचं की नाही ते न कळून आजीकडे बघत होती. हळदीचं एक बोट तिच्या गालापासून वीतभर अंतरावर थबकलेलं होतं.

उन्नती उठली. टेंपोमागे गेली आणि मुख्य वायर उपटली.

किंकाळी अर्ध्यावर तुटली. जनरेटरची घरघर तेवढी उरली.

"ताई! अगं काय करतेस? ट्रेंडिंगला हाय ते!"

"परत लावलंस तर वायर कापीन," उन्नती म्हणाली. नव्या मुलींना ॲसिडची बाटली कशी धरायची ते सांगताना बोलायची त्याच आवाजात.

ती मांडवात परतली. सगळे तिच्याकडे बघत होते. "मंग आता?" शकुबाई म्हणाल्या. "मुक्यानं लावायची हलद?" बायकांचे डोळे शेवंताबाईंकडे वळले. त्यांनी मान हलवली. नाही.

उन्नती पाटाजवळ खाली बसली. ती गाणं शिकली नव्हती, आईने कधी शिकवायला बोलावलं तर ती पुस्तकात डोकं घालून बसायची. तिने घसा साफ केला. तोंडात अजून ती घाणेरडी गोडी होती. ती गिळून तिने तोंड उघडलं.

"प्रिया नवरीला बगाया आलं..."

बाटलीवरचं लेबल वाचावं तसा कोरडा, सपाट आवाज. मागे कुणीतरी फिसकन हसलं. पुढे काय ते तिला आठवेना, तरी ती थांबली नाही, तीच ओळ पुन्हा म्हणू लागली.

"चुकलीस," मागून शेवंताबाई म्हणाल्या. पदर तोंडावरून काढला नव्हता. "देव आदी येतान. बगतान मंग. वाट आदी घे."

उन्नतीने खारीच्या वाटेची ओळ आधी घेतली. शकुबाईंचं बोट खाली आलं आणि प्रियाच्या गालाला टेकलं.